वाचणारे आणि मी, एकाच डब्यात

जून 1993 मध्ये माझी पहिली बातमी छापून आली. मुंबईच्या एका दैनिकाची डोंबिवलीची वार्ताहर, एवढीच ओळख होती. नेमणुकीचं पत्र नव्हतं. छापून आलेला मजकूर फूटपट्टीने मोजायचा, जितके सेंटिमीटर भरतील तितकं मानधन. पुढची तीस वर्षं डोंबिवली, कल्याण आणि ठाणे या तीन स्टेशनांच्या मधेच गेली. कधी मुंबईच्या दैनिकांसाठी, कधी इथल्या साप्ताहिकांसाठी. माझी भाची पत्रकारिता शिकायला गेली तेव्हा तिने विचारलं, 'मावशी, इतक्या वर्षांत काय कळलं ते सांग ना.' घरात पाहुणे होते, सांगणं राहून गेलं. आता वह्या समोर घेऊन बसले आहे. तिच्यासाठी लिहिते आहे, आणि ज्यांच्या दारात सकाळी पेपर पडतो किंवा पडायचा, त्यांच्यासाठीही.

1. माणसाचं नाव चुकलं की बातमीतलं बाकी सगळं खरं असूनही हाती काही उरत नाही. हे पहिल्याच महिन्यात कळलं. पाच ओळींची निधनवार्ता होती. टिळकनगरात राहणारे निवृत्त शाळामास्तर. त्यांचं नाव दत्तात्रय. मी दामोदर लिहिलं. वहीत घाईने नुसतं 'द.' टिपलं होतं आणि रात्री लिहिताना मनात आलं ते कागदावर उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा आमच्या दारात उभा. मला घाम फुटला. तो मात्र रागावला नाही. म्हणाला, 'ताई, आईला कात्रण जपून ठेवायचंय. नाव बदलून परत येईल का?' चार दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. काही महिन्यांनी धीर करून त्यांच्या घरी गेले, तर देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर एकाच चौकटीत दोन्ही कात्रणं लावलेली. चुकीचंसुद्धा. मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, 'शाळा त्यात बरोबर आहे ना, गाव बरोबर आहे. टाकून कसं देऊ?' मंत्र्याचं नाव वर्षात हजारदा छापलं जातं, एखाद्या वेळी चुकलं तरी कुणाचं काही जात नाही. मास्तरांचं नाव साऱ्या आयुष्यात एकदाच छापलं जाणार होतं. त्या दिवसापासून मी वही आणि पेन समोरच्याच्या हातात देते आणि म्हणते, तुमचं नाव तुम्हीच लिहा.

2. आपलं शहर म्हणजे आपण पायी फिरतो तेवढंच, असं मी कितीतरी वर्षं नकळत धरून चालले होते. माझ्या बातम्यांचा नकाशा कुणी काढला असता तर फडके रोड, गणेश मंदिर, टिळक रस्ता आणि स्टेशन एवढ्यात तो संपला असता. आसपासची 27 गावं 1983 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर पडली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली गेली. यातल्या शेवटच्या दोन घडामोडी माझ्या डोळ्यांसमोरच्या. दोन्ही वेळा अधिसूचना, हद्द, प्रभागांची फेररचना सगळं बारकाईने लिहिलं. गावात जाऊन बसले ते मात्र फार उशिरा. एका ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या आजींनी विचारलं, कुठून आलीस? पेपरातून, म्हटल्यावर सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, 'तुमचे पेपरान आमचा गाव येतं, पन कोनी मेला तरच.' घरी येऊन वह्या चाळल्या. मागच्या तीन वर्षांत त्या गावाच्या तीनच नोंदी होत्या: खदाणीत बुडालेला मुलगा, रस्त्यावरचा अपघात, जमिनीवरून झालेली मारामारी. आजी खरं बोलल्या होत्या. मग ठरवलं, महिन्यातून एकदा काही घडलेलं नसताना जायचं. पहिल्या फेरीत बातमी मिळाली नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कुणी खुर्ची आणून दिली नाही, ओट्यावरच सरकून जागा दिली. पाण्याच्या टँकरचा हिशेब त्या दिवशी मी न विचारता समोर आला.

3. माणूस कुठे गेला यावर त्याच्या मरणाची बातमी किती रुंद होणार ते ठरतं, हे गिळायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळी कॉपी पिशवीत घालून मी स्वतः व्हीटीला जात असे. घरी परतणारी गर्दी समोरून यायची आणि मी जवळजवळ रिकाम्या डब्यात उलट दिशेला. नंतर फॅक्स आला. तो बूथवाला पानामागे पैसे घ्यायचा, म्हणून थोडक्यात लिहायला शिकले. दिवा आणि कोपरच्या मधे दारात लोंबकळणारा मुलगा पडून गेला, तर एक कॉलम, चार ओळी. दादरला गाड्या पाऊण तास खोळंबल्या, तर पहिलं पान. मला वाटायचं, डेस्कवरच्या लोकांनी आमचा भाग पाहिलेलाच नसणार. आणि मग एकदा शेवटच्या कर्जत लोकलच्या वेळी फलाटावर आमचे उपसंपादक भेटले. ते कल्याणचे. रोज त्याच गाडीने, त्याच रुळांवरून घरी जाणारे. मी विचारलं, तुम्हीसुद्धा? ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'अगं, रोज एक जातो. रोज पहिल्या पानावर कसा घेऊ?' त्यांचं म्हणणं पानापुरतं बरोबर होतं, माझं माणसापुरतं. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांवर माणसं, आणि आम्ही सगळे मिळून एका पानाच्या खालच्या भागात भांडत होतो. त्या रात्रीनंतर मी रेल्वे पोलिसांच्या ठाण्यात जाऊन महिन्याभराच्या नोंदी एकत्र उतरवून घेऊ लागले. वय, कुठून कुठे निघाला होता, कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे पडला. एकेकट्या मरणाला चार ओळी मिळत. महिन्याची सगळी मरणं एकाखाली एक मांडली तेव्हा तीन कॉलम मिळाले. त्याच उपसंपादकांनी ते लावले.

4. स्थानिक पत्र म्हणजे मोठ्या दैनिकाचं धाकटं भावंड, हा समज मला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात सोडून द्यावा लागला. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला मुंबईत निघालं, तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो, आमच्याकडेही त्या दिवशी शाल आणि श्रीफळ असतं. पण 1866 मध्ये खुद्द ठाण्यातून 'अरुणोदय' नावाचं साप्ताहिक निघत होतं, हे मला कामाला लागून कितीतरी वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली 1853 मध्ये. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत या गावाला आपलं स्वतःचं पत्र असावंसं वाटलं होतं. तीच हवा सगळीकडे होती. बेळगावात 'बेळगाव समाचार' 1863 पासून, रत्नागिरीत 'सत्यशोधक' 1871 पासून. 'केसरी' 1881 चा, म्हणजे या सगळ्यांच्या नंतरचा. पुढे मुंबईची दैनिकं लोकलने सकाळी सकाळी आमच्यापर्यंत पोहोचू लागली आणि त्या वेगापुढे ठाणे-कल्याणच्या पत्रांना उभं राहणं अवघड झालं. तरीही 1975 मध्ये नरेंद्र बल्लाळांनी ठाण्यातून 'ठाणे वैभव' काढलं आणि ते टिकलं. मोठ्या दैनिकांनी ठाण्यासाठी वेगळ्या पुरवण्या काढल्या त्या बऱ्याच नंतर. या सगळ्यात एक गोष्ट मला आजही हलवते: 'महाराष्ट्र टाइम्स'चं संपादकपद अडीच दशकांहून जास्त काळ सांभाळणारे गोविंद तळवलकर डोंबिवलीत जन्मलेले. माणसं आम्ही मुंबईला दिली. आमच्या गल्लीची बातमी मात्र आमची आम्हालाच लिहावी लागली.

5. ज्या बातमीला मी बातमी मानत नव्हते, तिच्यावरच लोकांचा दिवस उभा असतो. 'मंगळवारी पाणीपुरवठा बंद.' मोहिली, बारावे, नेतिवली, टिटवाळा इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांत दुरुस्ती निघाली की महापालिकेचं पत्रक यायचं आणि मी ते कंटाळत चार ओळींत उरकायची. एकदा मंगळवारऐवजी गुरुवार लिहिलं. मंगळवारी सकाळी नऊच्या आत घरच्या फोनवर अकरा जणांनी मला झापलं. बाराव्या बाई रागावल्या नाहीत. त्यांच्याकडे त्या दिवशी बारसं होतं, साठ माणसं जेवायला. त्या फक्त विचारत होत्या, टँकर कुणाला सांगायचा, नंबर आहे का? तीस वर्षांत मी ज्या लेखांवर नाव टाकून घेतलं त्यांच्यापैकी एकावरही सकाळी नऊच्या आत अकरा फोन आले नाहीत. कल्याणच्या पत्रीपुलाचंही तसंच. जुना पूल 2018 मध्ये पाडला, नवा खुला झाला जानेवारी 2021 मध्ये. 'पुलाचं काय झालं' ही एकच बातमी त्या काळात मी इतक्यांदा लिहिली की संपादकांना कंटाळा आला. शिळफाट्याकडून येताना रोज तिथे ताटकळणाऱ्याला मात्र तिचा कंटाळा आला नाही.

6. सभा संपत आली की खरी बातमी सुरू होते, हे मला एका वयस्कर सहकाऱ्याने शिकवलं. ते इथल्याच एका साप्ताहिकाचे मालक, संपादक, बातमीदार आणि गठ्ठे पोचवणारेही. कल्याणच्या मुख्यालयात महासभा भरायची. मोठ्या दैनिकांचे आम्ही पत्रकार गोंधळ, घोषणा, राजदंड पळवणं एवढं टिपून चारच्या सुमारास उठायचो. आम्हाला वेळेत कॉपी द्यायची असे. ते उठत नसत. डबा सोबत आणत. विषयपत्रिका मागून पुढे वाचत. एकदा माझा हात धरून म्हणाले, 'बस पोरी. आयत्या वेळचे विषय अजून यायचेत.' सभागृहात तोवर निम्मेही लोक नव्हते. पंखे चालू, खुर्च्या रिकाम्या, आणि एकेक विषय 'मंजूर, मंजूर' करत पाच मिनिटांत हातावेगळा. त्या पाच मिनिटांत एका मोठ्या भूखंडाचं आरक्षण बदललं. तिथे मैदान व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दैनिकात राजदंडाचा फोटो होता, त्यांच्या चार पानी साप्ताहिकात शनिवारी मैदान होतं. ते साप्ताहिक पाचशे घरांत जायचं. पण त्या पाचशेंत त्या प्रभागातली माणसं होती आणि त्यांनी हरकती नोंदवल्या.

मी त्यांची ही सवय उचलली आणि वीसेक वर्षं पाळली. मग नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि पाच वर्षांहून जास्त काळ इथे निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं कार्यालय एकच. अर्थसंकल्प प्रशासनाने तयार करायचा आणि प्रशासकाने संमत करायचा. आयत्या वेळचा विषय म्हणून काही उरलंच नाही, कारण कुठल्याच विषयाला ठरलेली वेळ राहिली नाही. लोकांना वाटतं, नगरसेवक नव्हते म्हणून गटारं तुंबली. मला आठवतं ते वेगळं. रात्री आठपर्यंत चालणारं ते कंटाळवाणं, आरडाओरड्याचं सभागृह हे शहरातलं एकमेव ठिकाण होतं जिथे अधिकाऱ्याला उभं राहून, सगळ्यांदेखत, नावानिशी उत्तर द्यावं लागे आणि मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेऊ शके. त्या पाच वर्षांतल्या माझ्या वह्यांत प्रश्नच नाहीत. नुसती पत्रकं चिकटवलेली आहेत.

7. आठ दिवसांनी सगळे निघून गेल्यावर आमचं काम सुरू होतं, असं मी नव्या मुलांना सांगायचे. मी स्वतः ते केलं नाही, हे इथे लिहायलाच हवं. 26 मे 2016, गुरुवार. डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. मी स्वयंपाकघरात होते. आधी जमीन हलली, मग आवाज आला, मग काचा. आमच्या इमारतीत दर मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या पायात काच घुसलेली. बारा माणसं गेली, जखमी शेकड्यावर. पहिले तीन दिवस मी रुग्णालयातून रुग्णालयात फिरत होते. वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. मग त्या गेल्या. चौकशी समिती नेमली गेली, पंचनामे झाले, लोक नुकसानभरपाईच्या कागदांसाठी रांगेत उभे राहिले. वर्षभर मी लिहिलं. पहिल्या स्मृतिदिनाला लिहिलं, दुसऱ्याला लिहिलं. तिसऱ्या वर्षी त्या दिवशी काहीतरी दुसरं निघालं. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून हाताशी आहे, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. कुठल्या कारखान्याची पाहणी कधी झाली, कुठला परवाना कुणी नूतनीकरण केला, एवढं विचारायला एक कागद पुरला असता. वहीच्या पानावर 'अर्ज टाकणे' असं लिहून मी खाली दोन रेघाही ओढल्या आहेत. अर्ज टाकला नाही.

23 मे 2024. पुन्हा गुरुवार, पुन्हा मे महिना, तीच औद्योगिक वसाहत. दुपारी खिडक्या थरथरल्या तेव्हा काय झालं ते मला आवाजावरूनच कळलं. या वेळीही दहाहून जास्त जीव गेले. संध्याकाळी एका तरुण वार्ताहराने फोन करून विचारलं, 'मॅडम, मागच्या वेळच्या चौकशीचं पुढे काय झालं होतं?' मी त्याला म्हटलं, थांब, वही काढते. वही काढली, त्या दोन रेघा दिसल्या, आणि मी त्याला परत फोन केला नाही. तोवर दुसऱ्या कुणीतरी त्याला माहिती दिली असेल. दोष कुणाचा हे तपासायला यंत्रणा आहेत, न्यायालयं आहेत. पण आठ वर्षं रोज त्या धुराच्या वासात झोपणाऱ्या, पेन हातात असलेल्या माणसांपैकी मी एक होते. तो प्रश्न विचारायची पाळी माझी होती.

8. जी बाई बातमी लिहिते तिलाच जाहिरात मागायला पाठवलं, की तिच्या हातातलं पेन आपसूक जड होतं. ठाणे जिल्ह्यातच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात तालुक्याच्या वार्ताहराचं घर मानधनावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, दिवाळीची पुरवणी, नव्या गृहसंकुलाचं अर्धं पान. एका दिवाळीत एका बांधकाम व्यावसायिकाने पूर्ण पान दिलं. त्याच्या इमारतीत मलनिःसारणाची जोडणीच नव्हती, आणि रहिवाशांची तक्रार माझ्या पिशवीत होती. मी ती बातमी 'दिवाळीनंतर' म्हणून ठेवली. दिवाळीनंतर तुळशीचं लग्नही झालं. बातमी आली नाही. मुलीची फी त्या महिन्यात वेळेवर भरली गेली, हेही तितकंच खरं. त्या इमारतीतल्या एक काकू रोज माझ्याच डब्यात असायच्या, सकाळच्या लोकलमध्ये असते तशी नुसती मान हलवणारी ओळख. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. मी डबा बदलला.

म्हणूनच छोट्या गावातल्या पत्रकाराच्या धैर्याबद्दल मी सहज बोलत नाही. राजापूरचे शशिकांत वारिशे फेब्रुवारी 2023 मध्ये मारले गेले. रिफायनरीबद्दल ते लिहीत होते. त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2017 मध्येच केला होता. मोठ्या शहरातला संपादक ज्याच्यावर लिहितो तो त्याला सहसा रस्त्यात भेटत नाही. वारिशे आणि ज्यांच्याबद्दल ते लिहीत ती माणसं एकाच रस्त्यावरून जात-येत होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मला माझी दिवाळीची बातमी आठवली, आणि मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

9. खोटी बातमी पोहोचायला मोबाइल लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदी कल्याण-बदलापूरच्या घरांत शिरली. फोन बंद, गाड्या बंद. मी रुळांवरून चालत ठाण्याहून निघाले होते. दोनच दिवसांनी मुंबईत नेहरूनगर झोपडपट्टीत पाण्याचा लोंढा येतोय अशा आवईने चेंगराचेंगरी झाली आणि माणसं मेली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. त्यामुळे आताच्या मुलांच्या मोबाइलवर सगळं ढकलून मी मोकळी होत नाही. त्या दोन दिवसांत ओळखीचा एखादा माणूस गल्लीत उभा राहून 'मी पाहून आलोय, पाणी उतरतंय' एवढं म्हणाला की लोक थांबत. त्या माणसाचं काम आम्ही करायचं असतं.

10. पेपर विकत कोण घेतं हे संपादकाहून पेपरवाल्याला जास्त कळतं. पहाटे चारला डोंबिवली स्टेशनबाहेर गठ्ठे उतरतात, पुलाखाली बसून मुलं पुरवण्या आत सरकवतात, साडेपाचला सायकली निघतात. आमचे विक्रेते मला सांगायचे, अमुक सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले की तो पेपर बंद होणार, मुलगा चालू ठेवणार नाही. त्यांचा अंदाज चुकत नसे. एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायलाच मनाई केली. पेपर छापून येत होता आणि दारात पडत नव्हता. बंदी पुढे उठली, पण विक्रेत्यांच्या वहीतली कितीतरी नावं परत आली नाहीत. लोकांना पेपर नकोसा झाला असं मला वाटत नाही. सकाळी दार उघडून खाली वाकायची सवय मोडली, आणि मोडलेली सवय कुणी बोलावून आणत नाही. त्या काळात एक विक्रेते रोज चार घरी स्वतःच्या फोनवरून ठळक बातम्या वाचून दाखवायचे. चारही घरांत एकटी राहणारी म्हातारी माणसं होती. पैसे घ्यायचे नाहीत.

11. आपण लिहिलेलं कुठेतरी राहील, असं मी धरून चालले होते. ते राहत नाही. सभेत डबा घेऊन बसणारे ते संपादक गेले. त्यांची बंगली पुनर्विकासाला गेली. मुलगा परदेशात, घाईत आलेला. मी पोहोचले तेव्हा माळ्यावरचे बांधीव अंक नुकतेच गेले होते. एकतीस वर्षांचे अंक, दर शनिवारचे. रद्दीवाल्याच्या दुकानात धावत गेले. त्याने दोन दिवसांपूर्वीच माल पुढे पाठवला होता. काट्याच्या मागे पडलेला एकच अंक मिळाला, मुखपृष्ठ फाटलेला. आत महापालिकेच्या एका ठरावाची बातमी आणि खाली तीन निधनवार्ता. मुंबईच्या मोठ्या दैनिकांचे जुने अंक निदान त्यांच्या कचेऱ्यांत, मोठ्या ग्रंथालयांत जपले जातात. ज्यांत आमच्या मैदानांची आरक्षणं कुठल्या तारखेला बदलली आणि टिळकनगरातले मास्तर कुठल्या शाळेत शिकवत होते ते छापलं होतं, ती पत्रं एकेका माणसाच्या माळ्यावर होती.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. तुमच्या घरी, तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या कपाटात, डोंबिवली-कल्याण-ठाण्याच्या, किंवा तुमच्या स्वतःच्या गावच्या एखाद्या जुन्या साप्ताहिकाचे अंक असतील, अगदी चार असले तरी, तर घर रिकामं करण्याआधी जवळच्या वाचनालयात एकदा विचारा. पिशवीत घालून नेऊन द्या. मी माझ्या तेवीस वह्या आणि तो फाटका अंक पुढच्या सोमवारी नेणार आहे.